बांधावरचा गुडघा

त्या मंगळवारी मावशी दुधाची किटली घेऊन बांधावरून आल्या.

यात काय एवढं, असं तुम्हाला वाटेल. पण भातशेताच्या बांधावरून तुम्ही कधी चालला असाल तर कळेल. रुंदी जेमतेम वीतभर, पावलापुढे पाऊल, दोन्ही बाजूंना चिखल. कडावच्या या मावशी वर्षानुवर्षं रोज सकाळी तशाच यायच्या आणि दारातून हाक मारायच्या, "गुरुजी, टोप आना! म्हशीनं राम राम सांगितलाय."

उजवा गुडघा पार झिजला तेव्हा त्यांनी तो शहरात बदलून घेतला. दुखणं थांबलं. इस्पितळाच्या फरशीवर त्या ऐटीत चालून दाखवायच्या. बांधावर मात्र तिसऱ्या पावलाला गुडघा बाहेरच्या अंगाला कलायचा. दोनदा त्या किटलीसकट चिखलात गेल्या. "सांधा ठीक आहे, वयाचं आहे," एवढंच तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं.

मुलगा म्हणाला, "आये, आता म्हस इकू."

"मला इक आधी."

गोठा रिकामा होणार, हीच त्यांची धास्ती होती. मी पुस्तकी माणूस. गुडघ्याबद्दल मिळेल ते वाचून काढलं आणि त्यांना पनवेलच्या एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

तिथे मावशींनी पिशवीतून जुन्या चपला काढून थेट टेबलावर ठेवल्या. मी शरमलो.

"बघ गं बाय. डावी सारखी झिजलीय. उजवीची भायेरचीच कड गेलीय. मी खोटं बोलीन, चप्पल नाय बोलायची."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. उजवी चप्पल त्यांनी उलटीपालटी करून पाहिली. मग मावशींना उभं करून खुब्यापासून घोट्यापर्यंत अख्ख्या पायाचा एक्स-रे काढला आणि त्यावर पट्टी ठेवली. पट्टी गुडघ्याच्या मधोमध यायला हवी होती. ती आतल्या बाजूने गेली.

"नडगीच्या हाडावर बसवलेला कृत्रिम भाग जरा तिरका बसलाय," त्या म्हणाल्या. "त्यामुळे आतला बंध ताठ, बाहेरचा सैल. फरशीवर निभावतं, बांधावर नाही."

"गुरुजी, आयकलंत? चप्पल तेच सांगत होती!" मावशींनी टाळी वाजवली. मीही बहुधा ओरडलो, कारण बाहेरचे पेशंट आत डोकावले.

सोबत आलेला मुलगा घाबरला. "परत कापायचं?"

"गोठ्यातला खुंटा तिरका लागला तर उपटून परत ठोकतो का नाय आपुन?" मावशी म्हणाल्या.

पुन्हा शस्त्रक्रिया झाली. कितीतरी महिने काठी. आणि मग तो मंगळवार. मी दारात उभा राहून पावलं मोजत होतो. तिसरं. चौथं. दहावं! गुडघा कलला नाही.

"बघताय काय? टोप आना!"

त्यानंतर चार पावसाळे त्या तशाच आल्या. गेल्या माघात तापाने गेल्या.

दूध आता मुलगा मोटारसायकलवरून रस्त्याने आणतो. म्हैस आहे. दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर घेतलेल्या मावशींच्या चपला त्यांच्या ओटीवर आहेत. दोन्ही सारख्या झिजल्या आहेत.