तांब्याची पारख

केबलचं बंडल हातात आलं की बाई डोळे मिटून ते दोन्ही हातांवर तोलायच्या, तान्हं मूल घ्यावं तसं. मग म्हणायच्या, "बघू या, आतून काय आहे ते."

नाशिकरोडला माझं ऑनलाइन परीक्षा केंद्र आहे. चाळीस संगणक. ते एकमेकांना जोडायच्या कामासाठी कुणीतरी या बाईंचं नाव सुचवलं. पन्नाशीच्या, साडीवर ढगळ शर्ट, खांद्याला हत्यारांची पिशवी. यांना जमेल का, असं माझ्या मनात येईतो त्यांनी छताची फळी सरकवून डोकं वर घातलंही होतं!

खाली उतरून त्यांनी मी आणलेल्या केबलची एक तार सोलली, ब्लेडनं खरवडली. तांबूस रंगाखाली पांढरं चमकलं.

"सर, हे तांबं नाही. ॲल्युमिनियमवर मुलामा आहे. दगा देईल."

"पण खोक्यावर तर चांगलं छापलंय."

"छापायला काय लागतं? परत करा. मी नाही घालणार."

मी शहाणा. दुसऱ्याकडून तीच केबल घालून घेतली.

मोठ्या परीक्षेच्या आदल्या सकाळी चाचणी घेतली, तर अकरा संगणकांची जोडणी सारखी तुटत होती. मान खाली घालून बाईंना फोन केला. वाटलं, आता चार शब्द ऐकवतील. त्या एवढंच म्हणाल्या, "अस्सल तांब्याचं बंडल घेऊन येते." संध्याकाळपर्यंत सगळ्या केबली बदलल्या, त्याही विजेच्या वायरींपासून लांब ठेवून.

परीक्षेच्या दिवशी त्या न बोलावता येऊन व्हरांड्यात बसल्या. सुरगाण्याहून जीपनं आलेल्या एका मुलीनं त्यांना घाबरत विचारलं, "मॅडम, पेपर मधीच बंद नाय ना पडणार?"

"नाही गं. तू तुझं लिही. तारांचं मी बघते."

दोन तास बाईंनी घोटभर पाणी घेतलं नाही. एकही संगणक अडला नाही. मुलगी हसत बाहेर आली, तेव्हा कुठे त्यांनी डबा उघडला आणि अर्धी भाकरी तिच्या हातावर ठेवली.

पुढे गुडघे कुरकुरायला लागले, तशा त्या नांदगावला भावाकडे राहायला गेल्या. त्यांच्यानंतर आलेला माणूस चांगला आहे. पण बंडल हातात घेऊन तो "बघू या" म्हणत नाही.

परवा बाईंचा फोटो आला. तिथल्या शाळेच्या वर्गात त्या खुर्चीवर बसल्यात. पुढ्यात सातआठ मुली, प्रत्येकीच्या हातात केबलचं एकेक टोक, रंगीत तारा जुळवण्यात माना खाली. एकीनं काहीतरी उलटंच लावलं असावं. बाई तिचा कान धरून मनापासून हसताहेत.