बिनगोंड्याचा बैल

पोळ्याच्या सकाळी आलेली ती फिर्याद माझ्या स्मरणातून अद्याप पुसली गेलेली नाही. कारण त्या फिर्यादी इसमाचा मला तेव्हापासून हेवा वाटत आला आहे. हल्ली मी कचेरीसमोर अर्ज लिहितो. सत्तर-एकाहत्तरच्या सुमारास राहात्याकडे जमादार होतो.

फिर्यादी शेतकऱ्याच्या बैलाच्या शेपटीचा गोंडा कोणीतरी कापला होता. वेशीतून पहिला जाण्याचा मान त्याच बैलाचा. आता तो मिरवणे म्हणजे गावभर हसे. मानावरून शेजाऱ्याशी जुने वैर होते, आणि तो शेजारी आदल्या सायंकाळी गोठ्याजवळ दिसल्याची खबरही मिळाली. मी पंचनामा करून त्यास चावडीत आणविले व दरडावले.

"जमादारसायेब," तो उसळून म्हणाला, "त्यो बैल परक्याला जवळ उभा करत न्हाई. म्या शेपटाला हात लावला असता, तर आज दवाखान्यात घावलो असतो!"

लोक हसले. फिर्यादीने मात्र मान खाली घातली. "ते खरं हाय."

तरीही शेजाऱ्यास ठाण्यावर नेण्याचा मी हुकूम दिला. शिपायाने त्याचा दंड धरताच फिर्यादीचा लहानगा मुलगा पुढे आला.

"आबा, काकाला सोडाया सांगा. म्या कापला."

"का रं?"

"तुमी रोज त्यालाच कुरवाळता. मला कवा जवळ घेता? लई राग आल्ता."

मी छडी उचलली. बाप मुलासमोर उकिडवा बसला.

"काकाचं नाव खराब झालं. आता काय करायचं, तूच सांग."

मुलाने बराच विचार केला. "पैला मान काकाच्या बैलाला द्या."

पिढ्यान्‌पिढ्या जपलेला मान! बाप म्हणाला, "व्हय." फिर्याद त्याने मागे घेतली.

धाकाने माणूस कबुली देतो, हे मी नोकरीत पुष्कळ पाहिले. परंतु दुसऱ्याचा धरलेला दंड पाहून स्वतः पुढे येणे धाकाने घडत नाही. माझ्या घरची शिस्त कडक. माझ्या बुटांचा आवाज येताच मुलगा पुस्तक उघडी. मनातला राग त्याने मला कधी सांगितला नाही.

त्या दुपारी मिरवणुकीत सर्वांच्या मागे तो शेतकरी चालला होता. लोक बैलाच्या शेपटीकडे पाहून हसत होते. त्याच्या एका हातात कासरा होता, दुसऱ्यात मुलाचा हात. मी बंदोबस्तावर उभा होतो, आणि माझी नजर त्या दुसऱ्या हातावरून हलत नव्हती.