बीयाथूच्या भिंतीवरची दोन घड्याळं

केरळातल्या करिपूरच्या विमानतळापासून वीस मिनिटांवर राहणारी बीयाथू उभ्या आयुष्यात विमानात बसली नव्हती. पण जेद्दा किती लांब, हे तिलाच विचारावं. "चार हजार किलोमीटर, सहा तास," तांदळाच्या पिठाची पत्तिरी लाटता लाटता ती सांगे.

सुरुवातीला मात्र जेद्दाला नोकरीला असलेला नवरा, कुंजलवी, आपल्याशी खोटं बोलतो अशी तिची खात्री होती. जाताना तो सकाळी सातला उडायचा आणि साडेदहाला पोचलो म्हणायचा. येताना तेच अंतर कापायला त्याला साडेआठ तास!

"मला सोडून जायला साडेतीन तास आणि माझ्याकडे यायला साडेआठ? वाटेत कुठे गप्पा छाटत बसता हो इक्का?" तिने एकदा फोनवर झापलं होतं.

पुढच्या सुट्टीत तो एक भिंतीवरचं घड्याळ घेऊन आला. अडीच तास मागे लावून त्याने ते स्वयंपाकघरातल्या घड्याळाशेजारी टांगलं. "हे माझं. तिथे सूर्य उशिरा मावळतो, बाई."

बीयाथूला याचं भारी नवल वाटलं. रमजानात त्याला कधीच सुट्टी मिळत नसे. मग इथली बांग झाली की ती खजूर आणि घोटभर पाण्यावर रोजा सोडी आणि ताट झाकून ठेवी. त्याच्या घड्याळात बांगेची वेळ झाली, की मगच जेवायला बसे. "उम्मा, चक्कर येऊन पडाल एक दिवस," सून रम्ला करवादायची. बीयाथू ऐकते कसली! एकतीस वर्षं हे असंच चाललं.

यंदा कुंजलवी कायमचा परत येत होता, तोही ऐन रोज्यांत. दोघांनी एका ताटात रोजा सोडायचा, एवढंच तिला हवं होतं.

विमान तिथून साडेनऊला निघालं. रम्ला सहा तास मोजून साडेतीनपासून दारात उभी. साडेचारला तिचा जीव खालीवर व्हायला लागला.

"अगं, त्यांच्या घड्याळात मोज," बीयाथू म्हणाली. "आपल्याकडच्या सहाला उतरतील."

विमान सहाला उतरलंही, पण सामानाने घोळ घातला. बांग झाली तरी गाडीचा पत्ता नाही. बीयाथूने खजूर तोंडात टाकला आणि ती पुन्हा दारात जाऊन उभी राहिली.

दहा मिनिटांनी कुंजलवी आत आला. "गाडीतच सोडला गं रोजा," तो ओशाळून म्हणाला.

तिने त्याला वाढलं, आणि सवयीने स्वतःचं ताट झाकलं.

"हे काय?"

"तुमच्या घड्याळात अजून वेळ आहे ना," रम्ला हसत म्हणाली आणि तिने सगळं सांगून टाकलं.

कुंजलवीचा घास हातातच राहिला. "अगं, मी तिथे कॅन्टीनमध्ये दुसऱ्यांना वाढायचो. माझ्या पोटात काही पडायला अकरा वाजायचे."

बीयाथूला रागवावं की रडावं कळेना. "मग इतकी वर्षं मी कोणाबरोबर जेवले?"

उठून त्याने आपलं घड्याळ खाली उतरवलं. मग तिच्या ताटावरचं झाकण काढलं आणि तिच्या शेजारी, त्याच ताटाशी बसला.