उष्टं गाणं

आरेच्या त्या पाड्यावर पाहुण्यांना कुणी कधी हो म्हटलंच नाही. हो म्हटलं ते खंडूला. कुणाची बाळंतीण अडली, कुणाला साप चावला, की रिक्षा काढून धावणारा खंडूच. एका रविवारी तो शहरातली माणसं घेऊन आला. "आपला पाडा दाखवू, जेवू घालू," म्हणाला आणि पाड्याने माना डोलावल्या. आपल्याच माणसाला नाही कसं म्हणायचं? ज्यांच्या मनात नव्हतं, त्यांनीही भाकऱ्या थापल्या.

सुगंधा त्यातलीच. ती पाड्याची धवलेरी. वारल्यांच्या लग्नात धवलेरी गाणी म्हणते आणि त्या गाण्यांनीच लग्न लागतं. पाड्यातले निम्मे संसार तिनेच उभे केलेले. आता एकच हौस उरली होती, नात तेजल हिचं लग्न आपण लावायचं.

मग मुलुंडचं एक जोडपं आलं. लग्न केव्हाच झालेलं, पण त्यांना आदिवासी लग्नाचे फोटो हवे होते. खंडू सुगंधाच्या ओट्यावर येऊन बसला.

"काकी, दोन ओळी म्हण ना. खोटं खोटं."

"गाणं खोटं नसतं रे. देवाला बोलवायचं आणि परत पाठवायचं काय?"

"मी शब्द दिलाय त्यांना. माझी लाज राख."

तापाने फणफणलेल्या तिच्या सुनेला, तेजलच्या आईला, दवाखान्यात नेलं होतं ते याच खंडूने. सुगंधा उठली. अर्धवट सोडलेलं गाणं त्याहून वाईट, म्हणून तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं म्हटलं. तिथेच चुकली बिचारी. जोडप्याने टाळ्या वाजवल्या. पाड्यातलं कुणी हललं नाही.

कुणी भांडलंही नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. बायका फक्त म्हणू लागल्या, सुगंधाचं गाणं उष्टं झालं, खोट्या लग्नात सगळं म्हटलेलं आता खऱ्या लग्नाला चालायचं नाही. पाहुणे येत राहिले आणि खंडूही चांगलाच राहिला. त्याला बोल लावायला जीभ रेटणार कुणाची? घरोघरी त्याचे उपकार. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी!

तेजलच्या लग्नासाठी पलीकडच्या पाड्यावरच्या धवलेरीला, वनमालेला, सांगावा गेला. ते कळवायला तेजलच आली.

"आजी, मला तूच हवी होतीस गं. पण सासरचे नको म्हणतात. आई पण."

"बरोबर बोलतात," सुगंधा म्हणाली.

आणि तिला ते खरंच पटत होतं. पटलं नसतं, तर पाड्याला चार शिव्या हासडून तिने मन मोकळं केलं असतं. पण उष्ट्याची भीती तिलाही पाड्याइतकीच होती.

लग्नाच्या दिवशी ती मांडवात सगळ्यांच्या मागे बसली. वनमालेने पहिली ओळ धरली आणि सुगंधाचे ओठ सवयीने हलले. ती दचकली. नातीच्या संसारावर आपला एक शब्दही पडू नये, म्हणून तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि गाणं संपेपर्यंत तशीच बसून राहिली.