दातांचा रकाना

श्यामला सिस्टरना मी दात मोजायला लावले, ते निव्वळ खवचटपणाने. मी कसबा पेठेतला, त्या वाशीमच्या. आमच्याकडे टोमणा मारतात, हे वीस वर्षं पुण्यात काढूनही त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

साल दोन हजार तीन. आयटी कंपन्यांच्या इमारती बांधायला आलेल्या माणसांनी विश्रांतवाडी भरत चालली होती. त्यांच्या बायका गरोदरपणाच्या तपासणीला आमच्या दवाखान्यात येत आणि मी खिडकीतून त्यांना लोहाच्या गोळ्या देई. एक दिवस वरून कागद आला, की गरोदर बाईचं तोंडही तपासावं. रजिस्टरमध्ये वजनाशेजारी नवा रकाना होता, ‘दात’. त्यात लिहायचं काय, ते कुणीच सांगितलं नव्हतं.

सिस्टर खिडकीशी आल्या. "यज्ञेश्वरभाऊ, इथं काय भरू?"

"दात लिहिलंय ना? मग मोजा की!"

त्यांनी खरंच मोजले. महिनाभर. एकतीस, अठ्ठावीस, बत्तीस. मला कळलं तेव्हा हसू आलं आणि लाजही वाटली. पण आता सांगणार कुठल्या तोंडाने?

मग भाग्यश्री आली. पहिलटकरीण, सहावा महिना, गाल टम्म सुजलेला. चार दिवस नुसत्या चहावर होती, वजन दोन किलोंनी उतरलं होतं. दर गुरुवारी दातांच्या डॉक्टर सुनीतीबाई येत, आणि तो गुरुवारच होता. त्यांनी बघून सांगितलं, "दात काढायलाच हवा. आता काही धोका नाही. ही अशी उपाशी राहिली, तर पोटातल्या बाळाचं काय?"

सासू दुर्गाबाई आडव्या आल्या. "पोटुशीचा दात काढत नसतेत. एका लेकरामागं एक दात जातेच. गुमान सोसायचं."

सगळ्यांनी सिस्टरकडे पाहिलं. पंचाईत अशी, की इतकी वर्षं त्याही बायांना हेच सांगत आल्या होत्या. माझी आईही हेच सांगायची.

"भाऊ, मले काहीच समजून नाही राहिलं," त्या म्हणाल्या. "मी चूक, का डॉक्टरबाई चूक?"

मला तरी कुठे कळत होतं! भाग्यश्री गाल धरून मुकाट रडत होती. काहीतरी करायचं म्हणून सिस्टरनी रजिस्टर उघडलं आणि बोट फिरवता फिरवता त्या थांबल्या. "यमुनाबाई. पाच बाळंतपणं, दात बत्तीस?" यमुनाबाई सहाव्या खेपेची, रांगेतच बसली होती. सिस्टरनी तिला उठवून दुर्गाबाईंसमोर तोंड उघडायला लावलं. दुर्गाबाईंनी वाकून वाकून पाहिलं.

"हिचे कसे राहिले मग?" त्यांचा आवाज एकदम उतरला. जरा वेळाने त्यांनीच सुनेला हाताला धरून उठवलं आणि आत नेलं. पुढच्या तपासणीला भाग्यश्री आली, तेव्हा बाकावर बसून भाकरी खात होती.

पण दात काढला त्या दिवशी, सगळं उरकल्यावरही सिस्टर रजिस्टरपाशीच उभ्या होत्या. तोंडावर हात ठेवून बोलायची त्यांची जुनी सवय. आम्ही त्यांना शिष्ट समजायचो. हाताआड चार दात नव्हते आणि मुलं तर दोनच; एका लेकरामागं एक हा हिशोब बसेना. त्यांनी कमरेची, दाताला लावायच्या तंबाखूच्या मिश्रीची डबी काढून सुनीतीबाईंपुढे धरली. "बाई, माझे यानं गेले का हो?"

"बहुतेक यानेच," बाई म्हणाल्या.

दवाखान्याचा फोन माझ्या टेबलावर असे. सिस्टरनी मुलाला, शंभूला, त्याच्या कंपनीत फोन लावला. भर कामाच्या वेळी आईचा फोन, म्हणून तो घाबरला असावा.

"काही नाही झालं रे. तुले लहानपणापासून ऐकवत आले ना, तुमच्यापायी माझे दात गेले म्हणून? तसं नव्हतं बाबा. तुमच्यापायी नव्हते गेले."

त्यांचा हात तोंडावर नव्हता. मी गोळ्या मोजत होतो. आकडा चुकला, पुन्हा पहिल्यापासून मोजल्या.