विस्तव न लागलेली कढी

त्या वर्षी मी पाणी उकळून उकळून वैतागले होते. डिचोलीच्या पुढे, खाणीच्या रस्त्याला आमचं घर. विहिरीच्या पाण्याला तांबडी झाक. ते गाळायचं, चुलीवर खळखळ उकळायचं, निववायचं. त्यात खनिजाच्या ट्रकांवरचे ड्रायव्हर दुपारी आमच्याकडे जेवायला. स्वयंपाक सासूबाईंचा, बाकी उसाभर माझी. एवढं करून माझ्या पाच वर्षांच्या लेकीला दुसऱ्यांदा टायफॉइड झाला, तेव्हा मी आरोग्य केंद्राच्या बाकड्यावर नुसती बसून राहिले. रडायलासुद्धा अंगात त्राण लागतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आतडं दुखावलंय तिचं. परत झाला तर फाटायची भीती. पाणी उकळता ना? मग विस्तव न लागलेलं काय खाता?"

"काही नाही. आम्ही कालची आमटीसुद्धा आटवून खातो. जेवायला येणाऱ्या ड्रायव्हरांनाही तेच वाढतो."

"ड्रायव्हरांपैकी कोण आजारी पडलं?"

नवरा मागे उभा होता. म्हणाला, कोल्हापूरचा तेवढा धडधाकट आहे, बाकीचे एकेक करून तापाने पडले. आणि मग त्याच्याच लक्षात आलं. कोल्हापूरचा सोलांची कढी पीत नसे. वाटी बाजूला सारायचा, आणि सासूबाई त्याला रोज चिडवायच्या, "जल्माक येवन फुकट गेलो रे तू."

कढी आम्ही कधी चुलीवर चढवत नाही, फाटते. नारळ वाटायचा, हाताने पिळून रस काढायचा, त्यात सोलांचं पाणी घालायचं. पाणी माझं उकळलेलंच असायचं. हात सासूबाईंचे.

आदल्या पावसाळ्यात त्यांना असाच ताप आला होता. ताप उतरला तशा त्यांनी गोळ्या सोडल्या. "बरी असताना औषध कित्याक?" हे त्यांचं म्हणणं, आणि आम्हालाही ते पटलं होतं. डॉक्टरीणबाई समजावत होत्या, ताप जातो पण काहींच्या पित्ताशयात जंतू घर करून राहतात. माणूस ठणठणीत दिसतं, पण जंतू शौचावाटे पडत राहतात, आणि हात नीट धुतले नाहीत तर दुसऱ्याच्या ताटात जातात. सासूबाई परसाकडून आल्या की हाताला माती लावून धुवायच्या. जन्माची सवय.

"आता गोळ्या पुऱ्या होईपर्यंत आणि तपासण्या स्वच्छ येईपर्यंत त्यांनी स्वयंपाक करायचा नाही. घरात सगळ्यांनी साबण वापरायचा."

घरी येताना नवरा म्हणाला, "तूच सांग आईक," आणि ट्रक घेऊन गेला. आई त्याची, सांगायचं मी. असा संताप आला म्हणून सांगू, पण संतापून करते काय? सांगितलं. सासूबाई हातातली नारळाची कवड खाली ठेवून म्हणाल्या, "माझ्या हातान जाला?" मी हो म्हटलं. त्या उठून मागच्या पडवीत जाऊन बसल्या. मला त्यांची कीव आली, आणि लेकीकडे बघितलं की रागही यायचा. दोन्ही एकदमच.

ड्रायव्हरांचं जेवण बंद केलं. मी पणजीच्या बसमधून नमुने पोचवत राहिले. भाषेच्या आंदोलनाचे ते दिवस. कोंकणी की मराठी यावर रस्ते अडवलेले, आणि माझ्या पिशवीत सासूच्या शौचाची बाटली. अर्ध्या वाटेवरून परत यायचं, दुसऱ्या दिवशी नवी बाटली.

शेवटी तपासण्या पाठोपाठ स्वच्छ आल्या. बाईंनी स्वयंपाकाला मोकळीक दिली. लेक तोवर घरात हिंडू लागली होती, पण जेवताना नखरे. माझ्या हातून घास घेईना, आजीच हवी. मी भात-आमटी कालवून ताट सासूबाईंपुढे ठेवलं. म्हटलं, "भरवा, आई. आता काही भीती नाही."

त्या हात धुवायला गेल्या. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. येऊन बसल्या तेव्हा साबणाने बोटं पांढुरकी पडली होती. ओले हात मांडीवर ठेवून माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "कुलेर दी."

मी चमचा दिला. त्यांनी घास भरून पुढे केला, तर पोरीने तोंड फिरवलं. "हातान भरव गे आजी."

सासूबाईंनी चमचा ताटात ठेवला. उठल्या, आणि परत हात धुवायला गेल्या.