उशाशी ठेवलेले मास्तर

शिरूरच्या सावळाराम भिंगारदिवेला अक्कल नव्हती, असं कुणी म्हणणार नाही. रांजणगावच्या एका कंपनीत सव्वीस वर्षं त्यानं पार्ट तपासायचं काम केलं. हजारातला एक वाकडा पार्ट त्याच्या बोटांना न बघता कळायचा. पण दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि आपल्यातलं मुसळ दिसत नाही, हे काही खोटं नाही. हे वाक्य तर त्याच्याच बायबलमधल्या शुभवर्तमानातलं. दरवर्षी रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात तो ते पोरांना समजावून सांगायचा, आणि म्हणूनच गावात त्याला मास्तर म्हणत.

सावळाराम आजोबांपासूनचा कॅथलिक. शिरूरमध्ये अशी घरं थोडी, आणि न्हावरे, राहू, दौंडकडं कुणी शेतमजुरीला, कुणी रेल्वेत, असे विखुरलेले. एकट्या फादरांनी एवढ्या मुलखाला पुरं पडायचं तरी कसं? म्हणून बिशपांनी सावळारामला परवानगी दिली होती, की आजारी आणि म्हाताऱ्या माणसांना घरी जाऊन ख्रिस्तप्रसाद द्यावा. मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, पवित्र केलेली ती पातळ पांढरी भाकर. बघणाऱ्याला कागदाचा तुकडा वाटेल. कॅथलिक माणसाला तो प्रत्यक्ष प्रभू.

त्याचे नियम होते. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी चर्चमधून प्रसाद घ्यायचा, पितळी डबीत ठेवायचा, डबी कापडी पिशवीतून गळ्यात घालायची. ती गळ्यात असेपर्यंत चहाला थांबायचं नाही, वाटेत गप्पा मारायच्या नाहीत. प्रसाद उरला तर चर्चमध्ये परत न्यायचा, नाहीतर स्वतः आदरानं घ्यायचा. कुठं ठेवायचा नाही, कुणाकडं सोपवायचा नाही. न्हावऱ्याच्या चौकातला चहावाला सुरुवातीला हाका मारायचा. पुढं तोच गिऱ्हाइकांना सांगायला लागला, की मास्तर जाताना बोलत न्हाईत, येताना बोलत्यात.

या फेरीतलं शेवटचं घर राहूचं. तिथं दगडाबाई होती.

दगडाबाई त्याच्या नात्यातली नव्हे. पूर्वी शिरूरला त्याच्याच गल्लीत राहायची. सावळारामची पहिली मुलगी तीन वर्षांची होऊन तापानं गेली, तेव्हा तो बाटलीला लागला होता. चर्च सोडलं, देवाचं नाव काढलं की अंगावर जायचा. लोक समजवायला आले. फादर आले, मेहुणे आले, प्रत्येकानं देवाच्या योजनेबद्दल काहीतरी सांगितलं आणि शिव्या खाऊन परत गेला. दगडाबाई मात्र काही सांगायला आलीच नाही. ती सकाळी यायची, उंबऱ्याशी बसायची, पदरातल्या शेंगा सोलायची. तो ओरडला तरी बसायची. नऊ दिवस बसली. दहाव्या दिवशी सावळारामच तिच्यासमोर येऊन बसला आणि लहान पोरासारखा रडला. तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "रड. मी हाय हितं."

त्याच्या सगळ्या धर्मश्रद्धेचं मूळ म्हणाल तर ते एवढं. पुस्तकं त्यानं नंतर वाचली.

पुढं दगडाबाईचा मुलगा रखमाजी राहूला एका गुऱ्हाळावर गूळ आटवायला गुळव्या म्हणून लागला आणि म्हातारी तिकडं गेली. डोळे गेले, पाय गेले. पण अकरा वर्षं एकही पहिला शुक्रवार चुकला नाही. सावळारामची गाडी वाजली की ती तोंड पुसून, पदर सावरून बसायची. एकदा तिनं त्याचा हात धरून ठेवला. म्हणाली, "सावळाराम, माझ्या येळंला तू यायचंस. फादर गावलं तर बरंच हाय. न्हाई गावलं तर तू प्रभूला घिऊन ये. रिकाम्या तोंडानं मला जायचं न्हाई." सावळारामनं शब्द दिला. तिनं आयुष्यात त्याच्याकडं मागितलेली ही एकच गोष्ट.

मग लॉकडाऊन आला. चर्चला कुलूप लागलं, रस्त्यावर पोलीस उभे राहिले. सावळारामचा जीव कासावीस झाला. शेवटी मोबाईल दुरुस्तीवाल्या नौशादनं त्याला वाट दाखवली. म्हणाला, मास्तर, तुमचं बोलणं रेकॉर्ड करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, घरी बसून ऐकतील. त्यानंच यादी करून दिली, आणि आवाज कोरडा वाटतो म्हणून मागं बारीक पेटीचे सूर लावून दिले. सकाळी सहाला तीन मिनिटांचं शुभवर्तमान आणि शेवटी चर्चमध्ये येऊ न शकणाऱ्यांसाठीची ती प्रार्थना: 'प्रभू, आता मी तुला प्रत्यक्ष घेऊ शकत नाही, तरी तू माझ्या अंतःकरणात ये.' चांगली प्रार्थना आहे. संतांनी केलेली आहे. तिचा काही दोष नाही.

एकोणीस जणांची यादी होती, तिची दोनशेची झाली. लॉकडाऊन उठला तोवर चारशे. पुण्याच्या शिबिरात सावळारामला स्टेजवर बोलावून शाल घातली. तिथं त्याला शिकवलं, की सावकाश बोला, शुद्ध बोला, गावठी शब्द टाळा. दुबईहून एका बाईनं कळवलं, की तुमच्या आवाजानं माझं लग्न वाचलं. आता असं कुणी कळवलं तर कुणाची मान ताठ होणार नाही? सावळारामनं कंपनीतून मुदतीआधीच निवृत्ती घेतली, व्हिडिओसाठी गोल दिवा आणला, यूट्यूबवर चॅनेल काढलं. प्रभूचं काम वाढलं होतं. माणूस एकच होता.

पहिला शुक्रवार आधी एकदा चुकला, मग दोनदा. मग राहू लांब पडायला लागलं. शिरूरहून न्हावऱ्यावरून भीमेचा पूल ओलांडून जायचं, सगळा दिवस मोडतो. आणि राहूच्या नंबरासमोर तर रोज सकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी दोन निळ्या खुणा उमटायच्या. म्हणजे म्हातारी ऐकते. म्हणजे आपण रोजच भेटतो, महिन्यातून एकदा भेटायचो त्यापेक्षा बरं. असा हिशेब त्यानं मांडला. वाकडा पार्ट हातात होता, पण या वेळी बोटांना कळला नाही.

त्याची बायको चांगुणा एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, की तुमचं उंटावरून शेळ्या हाकणं चाललंय. दगडामावशी कशी हाय, ते तुम्ही डोळ्यानं बघून किती दिस झालं? तो म्हणाला, ती रोज ऐकते. चांगुणा म्हणाली, ती ऐकती, पर तुम्ही ऐकता का? त्यावर तो चिडून उठून गेला. जिव्हारी लागलं की माणूस चिडतोच.

राहूला शेवटचं जाऊन चार वर्षं झाली. फेब्रुवारीत रखमाजीच्या बायकोचा, अनिताचा फोन आला. आत्याबाईंनी अन्न टाकलंय, डॉक्टर म्हणाले आता घरीच ठेवा. फादर पुण्याला बैठकीला गेलेले. उद्या दुपारपर्यंत आजाऱ्याला लावायचं पवित्र तेल घेऊन पोचतो म्हणाले. सावळारामनं चर्चमधून प्रसाद घेतला, डबी गळ्यात घातली आणि निघाला. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या. न्हावऱ्याच्या चौकात तो चहावाला होता. आता त्यानं ओळखलंच नाही, परक्या गिऱ्हाइकाला मारावी तशी "या पाव्हणं, चहा घ्या" म्हणून हाक मारली. सावळारामला त्याचं वाईट वाटलं. पण शब्द आठवत होता आणि वेळेत पोचतोय याचं समाधानही होतं. खोटं कशाला बोला, थोडा अभिमानही होता.

म्हातारी खोलीत भिंतीकडच्या खाटेवर होती. मुठीएवढी उरलेली. उशाशी मोबाईल. घराला लागूनच असलेल्या गुऱ्हाळाचा धूर आणि उकळत्या रसाचा वास घरात भरून राहिलेला. सावळारामनं चादर सारखी केली, शेजारच्या स्टुलावर पांढरं फडकं पसरलं, मेणबत्ती लावली आणि तिच्याजवळ वाकला.

"मावशी, मी सावळाराम."

तिनं तोंड फिरवलं. आवाज बारीक होता, पण स्पष्ट. "सावळाराम मेला."

अनिता ओशाळली. अलीकडं त्या कायबी बोलत्यात, म्हणाली. सावळारामनं पुन्हा सांगितलं, की मावशी, मी आहे, जिवंत आहे.

"न्हाई," म्हातारी म्हणाली. "आसता तर आला आसता. तो न येता ऱ्हाणारा न्हवता."

ती रागावली असती तर सावळारामनं पाय धरले असते. पण तिच्या मनात त्याच्याबद्दल एवढासुद्धा किंतु नव्हता. तो येत नाही याचा एकच अर्थ तिला लागला होता.

त्यानं डबी उघडली. सांगितलं, की प्रभूला घेऊन आलोय, मावशी, तोंड उघडा. तिनं ओठ घट्ट मिटले. अनितानं कानाशी सांगून पाहिलं, की अवो, मास्तर आलेत. तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जरा जीव आला. तिनं कान दिला, थोडा वेळ वाट पाहिली आणि मान हलवली.

"मास्तर न्हाईत. मास्तर आले की पेटी वाजती."

तेव्हा अनितानं सगळं सांगितलं. सकाळी फोन उशाशी ठेवताना ती रोज म्हणायची, आत्याबाई, मास्तर आले बघा. म्हातारी उठून बसायची, पदर घ्यायची. बोलणं संपलं की मास्तरांना चहा दिला का, विचारायची. दिला, असं अनिता सांगायची. अनिता सांगताना कौतुकानंच सांगत होती. तिला वाटत होतं, मास्तरांना बरं वाटेल.

सावळारामला दुसरं काही सुचलं नाही. त्यानं स्वतःचा मोबाईल काढला, त्या सकाळचा संदेश लावला आणि तिच्या कानाशी धरला. पेटीचे सूर आले. पुण्याच्या शिबिरात घडवलेला त्याचा तो गोड, शुद्ध, सावकाश आवाज खोलीत बोलायला लागला. दगडाबाईचे हात आपोआप जुळले. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात प्रसाद, असा तो वाकून उभा राहिला. आता तोंड उघडेल, मग उघडेल. पण मास्तर बोलत असताना ती कशी तोंड उघडणार? ती ऐकत होती. शेवटची प्रार्थना आली तेव्हा तिचे ओठ शब्दांमागून हलले. अंतःकरणात ये. पेटी थांबली.

"आला," म्हातारी म्हणाली. "प्रभू आला. झालं." आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिली.

त्यानं मावशी, मावशी म्हणून खूप आळवलं. पेटीशिवायच्या आवाजाला तिनं ओ दिली नाही. जो घेत नाही त्याच्या तोंडात प्रसाद घालता येत नाही. मग त्याला ते नऊ दिवस आठवले आणि तो उंबऱ्याशी जाऊन बसला. काही न बोलता. दीड तास बसला. बाहेर रखमाजी काहिलीतला रस ढवळत होता. एकदा म्हातारीचा हात चादरीवरून काहीतरी चाचपत सरकला, तेव्हा सावळाराम अर्धा उठला, पण हात पुन्हा थांबला.

बसून राहायचं होतं त्यानं. दुसरं काही करायचं नव्हतं. पण संध्याकाळी सहाला चॅनेलवर लाईव्ह जपमाळ होती. पुण्याची, मुंबईची माणसं जोडली जाणार होती, आठवडाभर जाहिरात केलेली. उद्या फादर येतीलच, तेव्हा आपणही येऊ, जरा हुशारीत असली की ओळखेल, असं त्यानं मनाला समजावलं. तिनं नऊ दिवस दिले होते. त्यानं दीड तास दिला आणि उठला.

प्रसाद उरला होता. तो गळ्यात घेऊन ट्रॉल्यांच्या गर्दीतून चर्च गाठायचं, तर सहापर्यंत घरी कुठलं पोचायला. नियमात दुसरी वाटही होती. अंगणात चुलवाणाच्या धुरात उभं राहून, क्रूसाची खूण करून सावळारामनं दगडाबाईसाठी आणलेला प्रभू स्वतः घेतला. प्रसाद टाळूला चिकटला. पाणी मागायचा त्याला धीर झाला नाही.

लाईव्ह जपमाळ चांगली झाली म्हणतात. नऊशे माणसं होती.

दुसऱ्या दिवशी सहाला त्यानं नेहमीप्रमाणे संदेश पाठवला. पाठवू नये असं वाटत होतं, पण हाताला सवय. आणि मग तो राहूच्या नंबरावर डोळे लावून बसला. सहा वाजून पाच मिनिटांनी दोन निळ्या खुणा उमटल्या. सावळाराम मोठ्यानं "देवा, तुझी दया" म्हणाला. चांगुणाला हाक मारली, म्हणाला मावशी आहे, ऐकतेय, मी असाच निघतो, फादरांच्या आधी पोचतो. तो शर्टाची बटणं लावत होता तेव्हा फोन वाजला.

अनिता होती. म्हणाली, आत्याबाई पाच वाजताच गेल्या. हे लोकांना सांगायला गेलेत. तुमचा मेसेज आला तवा मी उशाशी लावला, शेवटचं ऐकू द्या म्हटलं.

पलीकडं अनितानं थोडी वाट पाहिली. बाया जमायला लागल्या होत्या, तिला पुष्कळ कामं होती.

"मास्तर, माती दुपारी हाय," ती म्हणाली. "तुम्ही येताय, का मेसेज धाडताय?"

टोमणा नव्हता. त्याप्रमाणं तयारी करायची, म्हणून तिनं विचारलं होतं.